कैदेतली हेर आणि आमच्या आळीतला फितूर

त्या वर्षी महिला मंडळात दर महिन्याला एक सिनेमा दाखवायचं ठरलं आणि व्यवस्था माझ्याकडे आली. व्यवस्था म्हटली की ती माझ्याकडेच येते. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टपाल सांभाळायचे. घरी, मंडळात, लग्नकार्यात माझ्या याद्या असतात, म्हणून बाकीचे निर्धास्त असतात. टीव्ही अध्यक्षीणबाईंच्या घरचा, व्हीसीडी प्लेअर भाड्याचा, खिडक्यांना लावायला काळा कागद, देवळामागच्या सभागृहाची किल्ली, मध्यंतराला चहा आणि दडपे पोहे. सगळं टिपून झालं होतं. सिनेमा कोणता आणायचा ते तेवढं अध्यक्षीणबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनी लायब्ररीवाल्याला सांगितलं, "स्त्रीच्या शौर्याचं काहीतरी द्या." त्याने एक जुना, काळा-पांढरा, इंग्रजी युद्धपट दिला. एक बाई हेर असते, शत्रूच्या हाती सापडते, आणि तोंड उघडत नाही, एवढं त्याने तोंडी सांगितलं.

ऐकून मला बरं वाटलं. शौर्यासाठी नव्हे. त्या दिवसांत मी आमच्या आळीत तोंड उघडणारी बाई शोधत होते, आणि त्या सिनेमाला आळीतल्या झाडून सगळ्या जणी येणार होत्या.

आधी हे सांगायला हवं. माझ्या मुलीला तेव्हा स्थळं बघत होतो. मुलगी बी.एस्सी. झालेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला, उंच, हसरी. तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, कोडाचा एक डाग आहे. शाळेत असताना आला. औषधं झाली, बावचीचं तेल झालं. तो गेला नाही, पण वाढलाही नाही. ब्लाउजचा मागचा गळा जरा वर घेतला की दिसत नाही. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की हा लागण होणारा आजार नाही, काळजीचं कारण नाही. पण स्थळं बघताना डॉक्टरांना कोण विचारतं? मी आणि यजमानांनी मिळून ठरवलं होतं की पसंती येऊ द्यायची, बोलणी होऊ द्यायची, आणि साखरपुड्याच्या आधी आपण होऊन सांगायचं. लपवायचं नाही, पण दारातच पाटीसारखं लावायचंही नाही. प्रत्येक गोष्टीची एक पायरी असते.

त्या पायरीपर्यंत आम्ही पोचतच नव्हतो.

पहिलं स्थळ गुहागरचं. सुपारीची बाग, मुलगा शिक्षक. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलामुलीला मांडवीच्या समुद्रावर फिरायला पाठवलं, त्यांनी दोनदा चहा घेतला, जाताना मुलाच्या आईने माझ्या हातावर हात ठेवला. आठवड्याभरात निरोप आला की पत्रिकेत दोष आहे. पत्रिका त्यांच्याच गुरुजींनी आधी जुळवून दिली होती. दुसरं स्थळ सावर्ड्याचं, मुलगा मुंबईला. सगळं जमत आलं आणि अचानक मुलाला "इतक्यात लग्न नको" असं झालं. हे स्थळ आणणारे मध्यस्थ मला नंतर मासळीबाजारात भेटले. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. मुलीच्या पाठीवर काहीतरी आहे, असं त्यांच्या कानावर गेलं."

पाठीवर. नुसतं अंगावर नव्हे, पाठीवर. म्हणजे बोलणारं माणूस डाग पाहिलेलं होतं.

घराबाहेर तो डाग पाहिलेल्या बायका तीन. एक शेजारच्या काकू. माझ्याहून मोठ्या, गुहागर माहेर असलेल्या, आमच्या दोन घरांमध्ये फक्त चिऱ्याचा बुटका गडगा. मुलगी लहान असताना मी कचेरीत गेले की ती त्यांच्याकडेच असायची, त्यांनी तिला न्हाऊ घातलंय. दुसरी, ब्लाउज शिवणाऱ्या ताई. गळा वर का घ्यायचा, ते त्यांना सांगावंच लागलं होतं. तिसरी माझी धाकटी जाऊ, चिपळूणला असते, दर मे महिन्यात आमच्याकडे येते.

संशय घ्यायचा तर नीट घ्यावा. जावेला स्वतःची मुलगी, माझ्या मुलीच्याच वयाची, तिचंही जमत नव्हतं. त्यामुळे हेतू तिला होता. ताईंकडे अर्धी रत्नागिरी माप द्यायला जाते, त्यामुळे संधी त्यांना होती. आणि काकूंना सवय होती. मुलाकडचे लोक चौकशीला येतात ते मुलीच्या घरी नव्हे, शेजारी, हे काही नवीन सांगायला नको. आळीत शिरलं की पहिलं घर काकूंचं. येणाऱ्याला पाणी विचारायचं आणि मग तो उठेपर्यंत बोलायचं, हे त्यांचं ब्रीद. कोणाच्या म्हशीला काय झालं इथपासून कोणाचा जावई रुसलाय इथपर्यंत सगळं त्यांच्याकडे ताजं. माझा कल काकूंकडे झुकत होता. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

तर सिनेमा.

इंग्रजी कोणाला धड कळणार नव्हतं, म्हणून आमच्या मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिका टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. हातात रिमोट आणि फळ्यावर दाखवायची जुनी छडी. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. त्या थोडा सिनेमा चालू द्यायच्या, मग थांबवायच्या, छडीने पात्र दाखवायच्या आणि मराठीत सांगायच्या. "ही नायिका. टेलिफोन खात्यात नोकरीला आहे. नवरा लढाईत गेलाय. हा टोपीवाला तिला हेरखात्यात घेतो आहे. कळलं सगळ्यांना? पुढे."

मी मागे, दिव्यांच्या बटणांपाशी उभी होते. व्यवस्थापकाने मागेच उभं राहावं, आणि तिथून सगळ्यांचे चेहरे बाजूने दिसत होते. काकू दुसऱ्या रांगेत, पदर तोंडाशी. ताई भिंतीला टेकून. जाऊ नव्हती, चिपळूणहून सिनेमासाठी कोण येणार? पण दोघी पुष्कळ होत्या.

नायिका विमानातून उडी मारून शत्रूच्या मुलखात उतरली. निरोप पोचवायचं काम करू लागली. एका रेल्वे स्टेशनवर पकडली गेली. मग ती कैदेत आणि समोर एक अधिकारी. हा अधिकारी आरडाओरडा करणारा नव्हता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, तुझे साथीदार कुठे आहेत? ती स्वतःचं नाव सांगायची आणि गप्प व्हायची. मग चहा बंद झाला. मग खुर्ची गेली. मग गार पाणी, उपास, अंधारी कोठडी. दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी तेच उत्तर. तिचे ओठ फुटले होते. केस कापले होते. बाईंनी इथे छडी खाली ठेवली आणि काही सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

आणि वीज गेली.

आमच्याकडे तेव्हा वीज जाणं ही बातमी नव्हती. मी एका खिडकीवरचा कागद सोडवला, उजेडाची एक पट्टी आत आली आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"मी तर बाई चहालाच सगळं सांगून मोकळी झाले असते."

"तुला चहा कशाला लागतो? नुसतं बस म्हटलं तरी सांगशील!"

"गेल्या वर्षी हिच्या नणंदेचं पळून जाणं हिनेच तर सांगितलं, विचारलं पण नव्हतं कोणी."

"गप गो. ते सगळ्यांना ठाऊक होतं."

"तुझ्याकडून!"

हसणं झालं. काकू हसल्या नाहीत. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "नाही गो, सोपं नाही ते. पोटातलं पोटात ठेवायचं म्हणजे काय, जेवण जात नाही मग."

मी मनात नोंद केली. पोटात ठेवणं जड जातं, हे यांना कसं ठाऊक? ताई म्हणाल्या, "माझ्या तोंडात टाचण्या असतात दिवसभर, मी काय बोलणार?" त्यावर पुन्हा हसणं. तेही मी लक्षात ठेवलं. कोणी न विचारता स्वतःची सफाई दिली की मला संशय येतो. कचेरीत मला त्याचा अनुभव आहे.

वीज आली. पुढे जे झालं त्याने मी उभ्या जागी ताठ झाले. त्या अधिकाऱ्याला कळलं होतं की तुरुंगातल्या बातम्या बाहेर जातायत. आतलंच कोणीतरी फितूर आहे. पहारेकरी, स्वयंपाकीण किंवा डॉक्टर. तो काय करतो? तिघांना वेगवेगळं खोटं सांगतो. एकाला म्हणतो, कैद्यांची गाडी नदीवरच्या पुलावरून जाणार. दुसरीला म्हणतो, जंगलातल्या रस्त्याने. तिसऱ्याला म्हणतो, गावातून. आणि बघत बसतो, बाहेरचे लोक कोणत्या रस्त्यावर दबा धरतात ते. ते जंगलात दबा धरतात. स्वयंपाकीण पकडली जाते.

"मेल्याचं वाटोळं होवो!" पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. सगळ्या चुकचुकल्या. स्वयंपाकिणीला ओढत नेताना दोघीतिघींनी डोळे पुसले.

मी पुसले नाहीत. मी विचार करत होते, पद्धत किती स्वच्छ आहे!

शेवटाचं एवढंच सांगते की दुसरी तबकडी ऐन शेवटी अडकली. नायिकेचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला आणि तिथेच थांबला. बाईंनी रिमोट दाबून पाहिला, तबकडी पदराला पुसून पाहिली, मग उभ्या राहून उरलेला सिनेमा तोंडी सांगितला. ती शेवटपर्यंत बोलली नाही, युद्ध संपलं, साथीदारांनी येऊन कोठडीचं दार उघडलं, ती जिवंत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तो सिनेमा आधी पाहिला नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी एकाच वेळी किती जणींवर संशय घेणार?

पुढच्या पंधरवड्यात मी कामाला लागले. चिपळूणचं तिसरं स्थळ आलं होतं. घरचं दुकान, मुलगा इंजिनिअर, चिपळूणलाच नोकरीला. मुलगा येऊन मुलीला बघून गेला, दोघं मांडवीला फिरून आले, पसंती कळली. आता मुलाचे आईवडील चौकशी करणार आणि मग घरी येणार, असा क्रम होता. मला त्यांच्या चौकशीच्या आधी पेरणी करायची होती.

तीन खोट्या गोष्टी हव्या होत्या. त्या कानावर गेल्या तर मुलाकडचे विचारतील एवढ्या मोठ्या, आणि एका डॉक्टरी तपासणीत खोट्या ठरतील अशा. काकूंना मी गडग्याशी उभी राहून हळू आवाजात सांगितलं, "कोणाला बोलू नका हं काकू, पण हिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. आत्ताच लक्षात आलं." काकूंनी तोंडावर हात घेतला. "अगो बाई माझे! आणि आता गो?" मी म्हटलं, "आता काय, बघू." ताईंना ब्लाउज टाकायला गेले तेव्हा म्हटलं, हिला चष्म्याचा मोठा नंबर आहे, डोळ्यांत भिंगं घालते, उतारावर एकटी सोडवत नाही. जावेला फोनवर थायरॉईड सांगितला. मुलाकडचे कानाबद्दल विचारायला लागले तर काकू, डोळ्यांबद्दल लागले तर ताई, गोळ्यांबद्दल लागले तर जाऊ. यजमानांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना गुपित सांगितलं की ते उगाचच दाराला कडी लावत फिरतात.

मुलगीही अर्थात अंधारात होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, काकूंना काय झालंय गं? माझ्याशी इतक्या ओरडून का बोलतात? आणि सारख्या माझ्या डावीकडे येऊन उभ्या राहतात."

"वय झालं," मी म्हटलं. "त्यांनाच कमी ऐकू येत असेल."

मुलाकडचे चौकशीला येऊन गेल्याचं मला लगेच कळलं. खिडकीतून दिसलंच. काकूंच्या ओट्यावर एक जाडसर बाई आणि एक टोपीवाले गृहस्थ बसले होते, पुढ्यात कोकम सरबत होतं. पुष्कळ वेळ बसले होते. काकू एवढा वेळ बोलत असणार. मी पडद्याआड उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला, पण रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने नेमकं इंजिन चालू ठेवलं होतं. तेवढ्यात मुलगी लॅबमधून आली. फाटकातून येताना तिला बघून काकू ओट्यावरून ओरडल्या, "आलीस गो? दमलीस गो?" अख्ख्या आळीला ऐकू गेलं.

त्या रविवारी ते आमच्या घरी आले. मुलाची आई, मुलाचे वडील. पोहे झाले, लाडू झाले, सुपारी झाली. यजमान दुकानाच्या गप्पा करत होते. मुलगी बाजूला बसली होती. मी समोर बसून वाट बघत होते, कान, डोळे की थायरॉईड.

मुलाची आई पदर खोचून सरळ बसली. "मी स्पष्ट बोलते," ती म्हणाली. "डागाचं आम्हाला माहीत आहे."

हे यादीत नव्हतं.

"कोणी सांगितलं?" माझ्या तोंडून आधी तेच गेलं.

"तुमच्या मुलीने. पहिल्याच भेटीत. मांडवीला."

मी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, शांत. "तिघांनाही मीच सांगितलं, आई. गुहागरच्या, सावर्ड्याच्या, सगळ्यांना. बसायला जागा मिळाली की पहिलं तेच सांगायचे. ज्याला चालत नाही त्याच्यासाठी पोहे कशाला करायचे?"

यजमानांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला डोक्यातून एकदम फार गोष्टी पुसायच्या होत्या. काकू, ताई, जाऊ.

"डागाचं आम्हाला काही नाही," मुलाची आई पुढे म्हणाली. "मुलाला चालतंय, मला चालतंय. माझ्या मामेबहिणीला आहे, तिची नातवंडं झाली. मला वेगळीच शंका आहे. तुमच्या शेजारच्या बाई. त्यांच्याकडे आम्ही तासभर बसलो. गावात सगळे म्हणतात, त्यांना एक विचारा, त्या दहा सांगतील. आणि आम्ही मुलीचा विषय काढला की त्या गप्प. मुलगी कशी आहे? चांगली आहे. तब्येत? चांगली आहे. आणखी काही? सरबत घ्या. तीनदा सरबत झालं हो आमचं! बोलणारं माणूस असं गप्प बसतं तेव्हा त्याच्यामागे काहीतरी असतं. आणि मुलगी आली तर तिच्याशी केवढ्याने ओरडल्या! मी ह्यांना तिथेच म्हटलं, हिला ऐकू येत नाही की काय?"

"मला?" मुलगी म्हणाली.

"डाग तुमच्या मुलीने सांगितला. तुम्ही नाही सांगितलात. मग तुम्ही आणखी काय सांगितलं नाहीत, ते मला आज कळलं पाहिजे. नाहीतर आम्ही उठतो."

आणि तिने खरोखर पिशवी हातात घेतली.

मी सगळं सांगितलं. दुसरा मार्गच नव्हता. सिनेमा, अधिकारी, तीन रस्ते, तीन बायका, कान, डोळे, थायरॉईड. सांगायला थोडाच वेळ लागला. यजमान तोंड उघडं टाकून ऐकत होते. मुलगी म्हणाली, "आई, तू मला बहिरी केलीस?" मुलाच्या वडिलांना ठसका लागला. मुलाच्या आईचा चेहरा मात्र हलला नाही.

"हे तुम्ही आत्ता रचून सांगत नसाल कशावरून?" ती म्हणाली.

तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. तिच्याबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. "काकूंना बोलावते," मी म्हटलं. "त्यांना मी काय सांगितलं होतं, ते त्यांच्याच तोंडून ऐका."

मुलगी जाऊन काकूंना घेऊन आली. काकू दारातच थबकल्या. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. आम्ही त्यांना बसायला खुर्ची दिली.

"काकू," मी म्हटलं, "हिच्या कानाबद्दल मी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते यांना सांगा."

"कुठला कान?" काकू म्हणाल्या.

"मी नाही का गडग्यापाशी सांगितलं? कमी ऐकू येतं म्हणून?"

"मला कोणी काही सांगितलेलं नाही."

"काकू, सांगा आता. मीच सांगतेय ना बोला म्हणून!"

काकूंनी मुलाच्या आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, काळजी करू नकोस अशी. त्यांना वाटलं होतं, हे लोक माझ्याकडून जबरदस्तीने वदवून घेतायत.

"हे बघा," त्या मुलाच्या आईला म्हणाल्या, "पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय. सोन्यासारखी आहे. नखात रोग नाही. तुम्ही तासभर बसा नायतर दिवसभर बसा, मी दुसरं काही बोलणार नाही. आणि तू गो, तुला कोणी दम दिलाय की काय? घाबरू नको."

"काकू, खरंच कोणी दम दिलेला नाही—"

"मला काही माहीत नाही!" काकू ओरडल्या आणि हाताची घडी घालून बसल्या.

मुलाची आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग मुलगी उठली, काकूंच्या पुढे जाऊन खाली बसली आणि अगदी हळू आवाजात, आमच्यापर्यंत जेमतेम पोचेल अशा आवाजात म्हणाली, "काकू, माझ्या उजव्या कानात काहीतरी सांगा. तोंडावर हात ठेवून सांगा."

काकू गोंधळल्या. पण त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. मुलगी हसली. "काकू म्हणतायत, ही जाडी बाई तुला छळेल, नको करू इथे."

मग मुलाचे वडील हसायला लागले, थांबेचनात. मुलाच्या आईने आधी नवऱ्याकडे रागाने पाहिलं, मग तिलाही आवरेना. पिशवी तिने खाली ठेवली. "ऐकू येतं," ती म्हणाली. "चांगलंच येतं. तारीख काढा."

हसल्या नाहीत त्या काकू. त्या मुलीचा कान हातात धरून बसल्या होत्या. "तुला ऐकू येतं?" त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून येतं?"

"हो काकू. आईने खोटंच सांगितलं होतं. तुम्ही बाहेर सांगता का, ते बघायला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काकू, तशी पद्धत आहे."

त्या उठल्या, घरी गेल्या आणि लगेच परत आल्या. त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती. माहेरच्या वैद्यांकडून भाच्याकरवी मागवलेलं कानाचं तेल. कोणाला कळू नये म्हणून त्यांनी ते स्वतःच्याच कानासाठी म्हणून मागवलं होतं आणि लग्न झाल्यावर मुलीच्या पेटीत गुपचूप टाकणार होत्या. त्यांनी ती बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे आता तूच घाल," त्या म्हणाल्या. "डोक्यापर्यंत जाईलसं बघ."

लग्न मार्गशीर्षात झालं. ताईंनी ब्लाउज शिवले, मागचा गळा मुलीने स्वतः सांगितला तेवढा, खोल. जाऊ आली, चार दिवस राहिली, राबली. जाताना तिने थायरॉईडच्या पथ्याचा कागद माझ्या मुलीच्या हातात दिला, कारण तिला खरं सांगायचं माझं राहून गेलं होतं. काकूही आल्या. अक्षता टाकल्या, मुलीला जवळ घेऊन रडल्या, माझ्याशी परक्या विहिणीशी बोलावं तशा आदराने बोलल्या. म्हणजे मोजकंच.

ती पद्धत चुकीची होती असं मला अजून वाटत नाही. फितूरच नव्हता, त्याला पद्धत काय करणार? पण आळीत माझी पंचाईत झाली ती झालीच. मुलगी चिपळूणला सुखात आहे, सासूशी तिचं भांडण होतं ते तोंडावर होतं आणि तिथल्या तिथे मिटतं. इथे काकूंचा आणि माझा गडगा तोच आहे, बोलणं पुन्हा सुरू झालंय. फक्त मी सांगितलेलं काहीही त्या आता एकदम धरत नाहीत. सकाळी मी हाक मारते, "काकू, नळाला पाणी आलं हो!" काकू ओट्यावरून म्हणतात, "हो का?" आणि पलीकडच्या घरी विचारायला जातात.